चिकाचा हलवा, किप्पूरच्या पुऱ्या आणि मलिदा : बेने इस्राएली सणाचा स्वयंपाक पहिल्यांदा करताना

ज्याने घरी कुरडया केल्या आहेत, त्याला अर्धा हलवा आधीच येतो. गहू भिजवायचे, वाटायचे, गाळायचे आणि तळाला बसलेला चीक काढायचा, इथपर्यंत दोन्हीची वाट एकच आहे. पुढे कुरडईचा चीक पाण्यात शिजून सोऱ्यातून उन्हात जातो, आणि कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंच्या घरी तोच चीक नारळाच्या दुधात शिरतो. ज्यू पंचांगातल्या तिश्री महिन्याची पहिली तारीख म्हणजे रोश हशाना, ज्यू नवं वर्ष. सप्टेंबरात किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला येणाऱ्या या दिवसाला समाजातली जुनी माणसं 'नव्याचा सण' म्हणत. त्याच्या आदल्या दिवशी पेण-अलिबागकडच्या घरांत, मुंबई-ठाण्यात आणि आता इस्राएलमधल्या अश्दोद-दिमोनातही हलव्याचं पातेलं चढतं.

हलवा, किप्पूर या ज्यू सणाचा उपास सोडायच्या गोड पुऱ्या आणि प्रेषित एलियाहू हानाबीच्या नावाचा मलिदा (नारळ-साखरेचे पोहे), हे तीन पदार्थ आले की नवख्याचा हात सणाच्या स्वयंपाकाला बसतो. हलवा सगळ्यांत चुकतो, म्हणून इथे जागाही त्यालाच जास्त दिली आहे.

आधी दोन नियम, मग चूल

पहिला नियम दुधाचा. मांस आणि दूध एकत्र शिजवायचं नाही, एका जेवणात खायचं नाही. सणाच्या पंगतीत मटण असतंच, त्यामुळे मागून येणाऱ्या गोडात गाईचं दूध, तूप, खवा, लोणी काहीही चालत नाही. कोकणाने यावर नारळ दिला. या स्वयंपाकात नारळाचं दूध ही काही हौस नाही, सगळी मांडणीच त्याच्यावर उभी आहे. 'चव यावी म्हणून चमचाभर साजूक तूप' घातलंत तर हलवा बिघडणार नाही, पण तो मटणाच्या जेवणानंतर कुणाला खाता येणार नाही. मार्जरीन वापरणार असाल तर वेष्टन वाचा, काहींत दुधाचे घन पदार्थ असतात. भांडंही दुधासाठी रोज वापरतो ते नको.

दुसरा नियम वेळेचा. ज्यू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, आणि किप्पूरला स्वयंपाक पूर्ण बंद. रोश हशानाला आधीपासून पेटलेल्या आचेवर शिजवायला मुभा असते, पण नवी आग पेटवायची नाही. म्हणून हलवा आदल्या दिवशी सूर्यास्ताच्या आत थाळीत ओतलेला हवा. दुपारी चारला सुरू केलात तर घाई होणार आणि हलवा कच्चा राहणार. सकाळी दहाला सुरू करा.

आणखी एक, किड्यांचं. किडा खाल्लेला चालत नाही, म्हणून रवा-मैदा चाळणं आणि बेदाणे-मनुका कोमट पाण्यात टाकून निरखणं हे इथे नियमातच बसतं. याच कारणाने गुलाबी रंगाच्या डबीवर ई१२० लिहिलेलं असेल तर ती बाजूला ठेवा. तो रंग किड्यांपासून काढतात. जिलेटिनही नको, ते जनावराच्या हाडा-कातड्याचं असतं. चायना ग्रास समुद्री शेवाळाचं, ते चालतं.

ज्यू पाहुण्यासाठी परक्या घरात काही करायचं असेल तर भांडं कोणतं चालेल ते त्यालाच विचारावं. काटेकोरपणा घरोघरी वेगळा असतो.

चीक : चार दिवस आधी

अर्धा किलो गहू घ्या, कुरडईला घेतो तोच. धुऊन भरपूर पाण्यात भिजत घाला आणि तीन दिवस ठेवा. पाणी सकाळ-संध्याकाळ बदला. कुरडईवाल्यांची सवय इथेच नडते. कुरडईच्या चिकाला थोडा आंबूस वास आला तरी चालतो, काहींना तो आवडतोही. हलव्यात मात्र तो आंबटपणा साखरेलाही झाकत नाही, आणि सप्टेंबरच्या दमट हवेत एक वेळ पाणी बदलायचं राहिलं तरी वास सुटतो.

चौथ्या दिवशी एक दाणा अंगठा आणि तर्जनीत दाबून पाहा. पांढरं दूध बाहेर आलं आणि हातात नुसतं साल राहिलं, तर गहू तयार. मध्ये टणक कणी लागली तर आणखी बारा तास ठेवा.

थोडे थोडे गहू भरपूर पाणी घालून मिक्सरमधून फिरवा आणि पातळ पंच्यातून गाळा. चोथा पुन्हा एकदा पाणी घालून फिरवा, पुन्हा गाळा. तिसऱ्यांदा नको, मग कोंडाच उतरतो. गाळलेलं पाणी उंच पातेल्यात झाकून रात्रभर, आठ ते दहा तास, न हलवता ठेवा.

सकाळी पातेल्यात तीन थर दिसतील. वर पिवळट पाणी, ते हलक्या हाताने ओतून टाका. त्याखाली करड्या-पिवळ्या रंगाचा बुळबुळीत पातळ थर असतो, तोही चमच्याने खरवडून काढा. बारीक कोंडा आणि गव्हातला चिकट भाग त्यातच असतो. हा थर ठेवला तर हलवा मळकट होतो आणि त्याला कच्च्या कणकेचा वास राहतो. तळाशी उरतो तो पांढराशुभ्र, बोट रुतेल पण वाहणार नाही असा घट्ट थर म्हणजे चीक. अर्ध्या किलोत साधारण ३५० ते ४०० ग्रॅम ओला चीक निघतो. त्याच दिवशी वापरा. फ्रिजमध्ये एक दिवस टिकेल, त्यापुढे भरवसा नाही.

एवढी खटपट नको असेल तर उन्हाळ्यात चीक करून कडकडीत वाळवून ठेवता येतो, किंवा बाजारात गव्हाचं सत्त्व म्हणून कोरडी पूड मिळते. २२५ ग्रॅम पूड पावणेदोनशे मिली पाण्यात कालवली की ४०० ग्रॅम ओल्या चिकाचं काम होतं. नुसत्या कॉर्नफ्लॉवरवरही हलवा थिजतो, पण तो तुटक होतो. चिकाचा हलवा दाताखाली किंचित ओढ घेतो, ती गंमत त्यात येत नाही. चीक कमी पडला तर निम्म्यापर्यंत कॉर्नफ्लॉवर मिसळायला हरकत नाही.

हलवा

साहित्य : ओला चीक ४०० ग्रॅम, मध्यम आकाराचे तीन नारळ, साखर ६०० ग्रॅम, मीठ पाव चमचा, वेलची पूड एक चमचा, जायफळ पाव चमचा, बदाम-पिस्त्याचे काप आणि चारोळी मिळून मूठभर, रंग हवा तर दोन थेंब. दहा इंची दोन थाळ्या भरतात.

नारळ खवताना काळी पाठ येऊ देऊ नका, रंग त्यानेच मळतो. खोबऱ्यात ४०० मिली कोमट पाणी घालून वाटा आणि पिळा, हे साधारण ६०० मिली दाट दूध वेगळं ठेवा. चोथ्यावर दोनदा पाणी घालून पुन्हा वाटून-पिळून ९०० मिली पातळ दूध काढा. डब्यातलं दूध असेल तर ४०० मिलीचे दोन डबे लागतील. त्यातलं ६०० मिली दाट म्हणून ठेवा, उरलेल्या २०० मिलीत ७०० मिली पाणी घाला.

१. पाच लिटरचं जाड बुडाचं पातेलं घ्या. चीक आणि पातळ दूध दोन्ही थंड असताना हाताने कालवा, तळाशी बसलेला चीक बोटांनी मोकळा करा, मीठ घाला आणि सगळं गाळणीतून पातेल्यात ओता. गुठळी काढायची ही एकच संधी आहे.

२. मध्यम आचेवर ठेवा आणि लाकडी उलथण्याने तळ खरवडत सतत ढवळा. सात-आठ मिनिटं काहीच होत नाही, आणि नेमका त्याच वेळी माणूस फोन घ्यायला जातो. चीक जड असतो, तळाशी बसतो आणि पहिली गुठळी तिथेच धरते. दहाव्या मिनिटाच्या आसपास उलथणं एकदम जड लागलं की आच मंद करा.

३. दुधासारखा पांढरा रंग जाऊन मिश्रण काचेसारखं, धुरकट पारदर्शक होईपर्यंत, आणखी दहा मिनिटं, घोटा. चीक इथे शिजतो. साखर याआधी घालू नका, साखरेच्या पाकात चीक फुलायला फार वेळ लागतो. सगळं एकदमच पातेल्यात घालणारे लोक आहेत आणि त्यांचाही हलवा होतो, पण त्यांच्या हाताला अंदाज असतो.

४. साखर घाला. घट्ट आलेलं मिश्रण पुन्हा पळीवाढं होईल. साखर विरघळली की पाणी सुटतंच, तेव्हा घाबरून वर चीक कालवून ओतू नका.

५. दाट दूध तीन वेळा विभागून घाला. एक भाग पूर्ण मुरला की दुसरा. आच मंदच हवी, मोठ्या आचेवर दूध फुटून वर तेलाचे डोळे लवकर येतात आणि हलवा झाला असं फसवं वाटतं.

६. आता पाऊण तास ते तास. दोघांनी पाळीपाळीने ढवळा. बुडबुडे आधी बारीक आणि भराभर येतात, शेवटी मोठे, संथ आणि फटफट आवाज करत फुटतात. हातावर चटका बसतो, पूर्ण बाह्यांचं काहीतरी घाला. या शेवटच्या टप्प्यात रंग, वेलची, जायफळ.

७. हलवा कडा सोडतो, उलथण्याबरोबर एकगठ्ठा फिरतो आणि कडेला नारळाच्या तेलाची बारीक रेघ सुटते. मग थेंबभर हलवा स्टीलच्या ताटलीवर टाका, दोन मिनिटं थांबा आणि बोट लावा. बोटाला चिकटून तार आली तर अजून दहा मिनिटं. सहज उचलला गेला आणि बोट कोरडं राहिलं तर उतरवा.

८. तेलाचा हात लावलेल्या थाळ्यांत ओता, वाटीच्या पाठीला तेल लावून सारखा करा, जाडी पाऊण इंचाच्या आत ठेवा. सुकामेवा गरम असतानाच टाकून वाटीने दाबा, गार झाल्यावर टाकलेला मेवा सुरीबरोबर गळून पडतो. पाच-सहा तासांनी ओल्या सुरीने शंकरपाळ्याच्या आकारात कापा.

हलवा बिघडला तर

बूड लागलं तर खरवडू नका. वरचा हलवा तसाच दुसऱ्या पातेल्यात ओतून घ्या. करपट वास खरवडलेल्या पापुद्र्यातून पसरतो, न हलवलेल्या हलव्याला तो फारसा लागत नाही.

हलवा थिजला, पण वडी उचलताना वाकते आणि दुसऱ्या दिवशी कडेला पाणी सुटतं, तेव्हा तो आटायला अर्धा तास कमी पडला असं समजा. परत पातेल्यात घालून मंद आचेवर आटवता येतो. थोडा दाणेदार होईल, पण वाया जाणार नाही. वडी रबरासारखी उडी मारत असेल तर चायना ग्रास जास्त झालं. पारंपरिक हलव्याला ते लागत नाही. घाईच्या कृतीत घालायचंच असेल तर लिटरभर मिश्रणाला १० ग्रॅमच्या वर जाऊ नका, आणि वेगळ्या पाण्यात पूर्ण विरघळवून मगच ओता.

पांढरे ठिपके दिसले तर त्या गुठळ्या आहेत. त्यांना आता इलाज नाही, मेवा जास्त पसरा.

बाहेर हलवा दीड-दोन दिवस राहतो, नारळ आहे हे विसरू नये. फ्रिजमध्ये पाच-सहा दिवस. थंडीने वडी टणक होते, खायच्या तासभर आधी बाहेर काढा.

मनुकांचं शरबत आणि किप्पूरच्या पुऱ्या

नव्या वर्षानंतर तिश्रीच्या दहाव्या तारखेला योम किप्पूर, सुमारे पंचवीस तासांचा निर्जळी उपास. अनेक घरांत तो काळ्या मनुकांच्या शरबताने आणि गोड पुऱ्यांनी सोडतात. पुरी हा शब्द ऐकून फुगलेली पुरी डोळ्यांसमोर आणू नका. ही रव्याचं सारण भरलेली अर्धचंद्राची करंजीच असते. किप्पूरला चूल पेटत नाही, म्हणून सगळं आदल्या दिवशी सूर्यास्ताआधी तळून ठेवायचं आणि पुढच्या संध्याकाळी ते खुसखुशीत लागायला हवं. ओल्या नारळाचं सारण इथे याच कारणाने टाळावं, सुकं खोबरं घ्यावं.

शरबत सोपं आहे. पाव किलो मनुका धुऊन पाऊण लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, हाताने कुस्करा, पातळ कापडातून पिळून गाळा. साखर लागत नाही. कोशेर, म्हणजे ज्यू आहारनियमांत बसणारी, वाइन सहज मिळत नसलेल्या मुलखात शब्बाथच्या किद्दूशला, म्हणजे पेल्यावर म्हणायच्या प्रार्थनेलाही, हेच शरबत घेतात. पिळणं-गाळणं उपास सुरू होण्याआधी उरकून फ्रिजमध्ये ठेवा. दोन दिवसांत ते फसफसू लागतं.

पारीसाठी मैदा २५० ग्रॅम, बारीक रवा ५० ग्रॅम, चिमूट मीठ. मोहन तेलाचं, चार मोठे चमचे, कडकडीत. पीठ तेलाने चोळून मुठीत दाबलं की मुटका टिकला पाहिजे. मग नारळाचं पातळ दूध किंवा पाणी साधारण १२० मिली, लागेल तसं घालत घट्ट भिजवा आणि ओल्या फडक्याखाली पाऊण तास ठेवा. रवा फुलायला तेवढा वेळ लागतोच.

सारणाला २०० ग्रॅम रवा दोन चमचे तेलावर मंद आचेवर तांबूस भाजा. १०० ग्रॅम किसलेलं सुकं खोबरं वेगळं भाजा, कारण ते रव्याच्या आधी जळतं. दोन्ही पूर्ण गार झाल्यावर १५० ग्रॅम पिठीसाखर, चमचाभर खसखस, बेदाणे, चारोळी, वेलची आणि जायफळ मिसळा. गरम सारणात साखर घातली की ओल सुटते, आणि तीच ओल पुढे पारी मऊ पाडते.

लिंबाएवढी गोळी पातळ लाटा, दीड चमचा सारण भरा, कडेला नारळाच्या दुधाचं बोट फिरवा आणि दाबून कातण्याने कापा. कडेत सारणाचा एक कणही अडकला तर पुरी तेलात तिथेच उघडते. मग उरलेलं तेल काळं होतं आणि पुढच्या प्रत्येक पुरीला करपलेल्या साखरेचे ठिपके लागतात. अशी उघडलेली पुरी ताबडतोब बाहेर काढा. केलेल्या पुऱ्या फडक्याखाली झाका, उघड्यावर सुकल्या की कडा तडकतात.

तेल मध्यम तापलेलं हवं. पिठाचा कण टाकला तर दोन-तीन सेकंदांनी सावकाश वर यावा. झटकन आला तर तेल जास्त तापलंय, पुरी वरून लाल आणि आत कच्ची राहील, पारीवर फोड येतील. दोन्ही बाजूंनी बदामी होईपर्यंत सहा-सात मिनिटं तळा. कागदावर उभ्या लावून गार करा, मगच डब्यात. पंचवीसेक होतात. किप्पूरचा दुसरा दिवस 'शिळा सण', दानधर्माचा आणि भेटीगाठींचा. थोड्या पुऱ्या त्यासाठी बाजूला ठेवा.

मलिदा

मलिद्याला आग लागत नाही, पण शिस्त लागते. हा एलियाहू हानाबीच्या नावाने होणारा आभाराचा पदार्थ आहे. लग्नाआधी, नव्या घरात, नवस फेडताना आणि तू बिश्वात या झाडांच्या ज्यू सणाला करतात, आणि एलियाहू जिथे येऊन गेले असं समाज मानतो त्या अलिबाग तालुक्यातल्या खंडाळे गावच्या खडकापाशीही नेतात.

पाव किलो जाडे पोहे दोन पाण्यांतून धुऊन चाळणीत दहा मिनिटं निथळत ठेवा. भिजवू नका, अंगचं पाणी पुरतं. दाणा बोटाने चेपला गेला पण चिखल झाला नाही, म्हणजे बरोबर. एका मोठ्या नारळाचा चव, सव्वाशे ते दीडशे ग्रॅम साखर, सहा-सात वेलच्यांची पूड, जायफळ, बदाम-पिस्ते. साखर आणि नारळ पोह्यांत घालायचे ते पूजेच्या तबकाची बाकी मांडणी झाल्यावर, अगदी शेवटी. तासभर आधी कालवलंत तर साखर पाणी सोडते आणि मलिद्याचा दहीभात होतो.

तबकात मध्ये मलिद्याचा ढीग, भोवती पाच प्रकारची फळं, वर गुलाबाच्या पाकळ्या, कडेला सुवासासाठी सब्जाची डहाळी. फळं निवडताना झाडाची आणि जमिनीची दोन्ही असावीत, कारण खाण्याआधी दोन्हींवर आशीर्वाद वेगवेगळे म्हणतात. खजूर, सफरचंद, संत्रं ही झाडाची. केळ्याला मात्र जमिनीच्या फळाचा आशीर्वाद लागतो, कारण केळीला लाकडी खोड नसतं आणि एकदा घड आला की तो बुंधा संपतो. नवखे हमखास इथे चुकतात आणि केळं खजुराच्या रांगेत लावतात. पोह्यांचा आशीर्वाद आणखी वेगळा, सुवासाचा त्याहून वेगळा. फळं कापून ठेवू नका, काळी पडतात. सफरचंद अगदी वाटायच्या वेळी चिरा.

माणशी मूठभर मलिदा धरला तर एवढ्यात बारा-पंधरा जणांना पुरतो. उरलेला ओल्या नारळामुळे रात्रीपर्यंतच चांगला राहतो. फ्रिजमध्ये पोहे कडक होतात, तेव्हा तो त्याच दिवशी शेजाऱ्यांकडे पोचवून टाकावा.